शहरांतील मोटारींचा धूर आणि वाहतूक कोंडी: धोरणांचा आढावा

शहरातल्या मोटारींमुळे दोन प्रश्न उभे राहतात, एक धुराचा आणि दुसरा जागेचा. दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण कोंडीत थांबत-सरकत जाणारे वाहन दर किलोमीटरला अधिक इंधन जाळते आणि अधिक धूर सोडते. तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. धूर इंजिनावर आणि इंधनावर अवलंबून असतो, तर कोंडी रस्त्यावरच्या मर्यादित जागेची असते. विजेवर चालणारी मोटार पेट्रोलच्या मोटारीइतकीच जागा अडवते, म्हणून एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडतेच असे नाही. गेल्या पन्नास वर्षांत जगातल्या शहरांनी या दोन्हींवर बरेच उपाय करून पाहिले. धुरावर कायद्याच्या बळावर मोठी मजल मारता आली. कोंडीच्या बाबतीत मात्र ज्या शहरांनी रस्ता वापरण्याची किंमत घेतली आणि मोकळी झालेली जागा बसला व पायी चालणाऱ्यांना दिली, त्यांनाच टिकाऊ यश आले.

धुरावरच्या धोरणांत सर्वांत परिणामकारक ठरली ती इंधनाची आणि इंजिनाची मानके. भारतात शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारे हे विष हवेतून गेले, हे त्या निर्णयाचे मोठे श्रेय आहे. त्यानंतर भारत स्टेज मानकांची मालिका आली. १ एप्रिल २०२० पासून देशाने पाचवा टप्पा ओलांडून थेट भारत स्टेज ६ लागू केला. त्यात इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले. गंधक जास्त असेल तर धूर शुद्ध करणारी उपकरणे निकामी होतात, त्यामुळे इंधन आधी सुधारल्याशिवाय इंजिन सुधारता येत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांना त्यासाठी मोठी गुंतवणूक करावी लागली आणि ती झाली.

दिल्लीची बस-रिक्षांची कथा याच प्रकारातली. एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीतील सर्व बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. पंप अपुरे होते, सिलिंडर मिळत नव्हते, गॅससाठी किलोमीटरभर रांगा लागत होत्या. तरीही न्यायालय मागे हटले नाही आणि २००२ च्या अखेरीस डिझेलची शेवटची शहर बस रस्त्यावरून गेली. मुंबईतही उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या लाल समितीच्या शिफारशींनंतर टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीकडे वळल्या. पुढे वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाल्या.

कागदावरचे मानक आणि रस्त्यावरचा धूर यांत मात्र अंतर असते. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीची लबाडी उघड झाली. तिच्या डिझेल मोटारी चाचणी ओळखून तेवढ्यापुरता कमी धूर सोडत होत्या आणि रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट अधिक. त्यानंतर युरोपात आणि पुढे भारतातही प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी आली. आपल्याकडच्या पीयूसी, म्हणजे वाहनांच्या नियमित धूर-तपासणीचा दोष साधा आहे. उभ्या पेट्रोल वाहनाचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजला जातो, डिझेल वाहनाच्या धुराचा दाटपणा पाहिला जातो. फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत सापडतच नाहीत. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनमध्ये दोन मिनिटांत मिळणारे प्रमाणपत्र शहराची हवा राखील, अशी अपेक्षा करणे चूक आहे.

जुन्या वाहनांना शहराच्या भागात मज्जाव करणे हा पुढचा टप्पा. अवजड वाहनांसाठी असे पर्यावरण क्षेत्र स्वीडनच्या शहरांनी १९९६ मध्येच आखले. लंडनने एप्रिल २०१९ मध्ये मध्य भागात अतिकमी उत्सर्जन क्षेत्र सुरू केले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते संपूर्ण महानगरावर पसरवले. मानकात न बसणाऱ्या मोटारीला दिवसाला साडेबारा पौंड. विस्ताराच्या तोंडावर जुलै २०२३ मध्ये लंडनच्या अक्सब्रिज मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि मजूर पक्षाला ती जागा याच मुद्द्यामुळे जिंकता आली नाही असे अनेकांनी मानले. महापौर सादिक खान यांनी तरीही निर्णय बदलला नाही आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले. दिल्लीत दहा वर्षांहून जुनी डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोल वाहने चालवण्यास न्यायालयीन आदेशाने बंदी आली, पण जुलै २०२५ मध्ये अशा वाहनांना इंधन नाकारण्याचा आदेश काही दिवसांतच थांबवावा लागला. फरक नीट पाहण्यासारखा आहे. लंडनने वाहनाचा धूर किती हे विचारले, दिल्लीने वय. नीट राखलेल्या जुन्या गाडीच्या मालकाला दिल्लीचा नियम अन्यायाचा वाटला आणि त्याच्या तक्रारीत तथ्य होते.

विजेच्या वाहनांवर आता सरकारांची मोठी भिस्त आहे. अशा वाहनांना अनुदान देणारी केंद्राची फेम योजना २०१५ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०१९ मध्ये दहा हजार कोटी रुपयांचा होता. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये स्वतःचे धोरण आणले. बसच्या बाबतीत वीज निर्विवाद फायद्याची आहे, कारण एक शहर बस दिवसभर रस्त्यावर असते आणि तिचा धूर थांब्यावर उभ्या माणसांच्या तोंडावर येतो. चीनमधल्या शेंझेनने २०१७ च्या अखेरीस आपल्या सुमारे सोळा हजार बसचा सगळा ताफा विजेवर नेला. खासगी मोटारींचे गणित वेगळे. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून उडणारे कण विजेच्या गाडीतही असतात. नॉर्वेने विजेच्या मोटारींना बसच्या मार्गिका मोकळ्या करून दिल्या, तेव्हा त्या मार्गिकांत इतकी गर्दी झाली की ऑस्लोजवळ सवलत आवरती घ्यावी लागली.

कोंडीवरचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे रस्ता वाढवणे. तो सर्वांत अपयशीही आहे. अमेरिकी अभ्यासक अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवले की गर्दीच्या वेळी नवा रस्ता पुन्हा भरून जातो. आधी उशिरा निघणारे वेळेवर निघू लागतात, दुसऱ्या रस्त्याने जाणारे इकडे वळतात आणि बसने जाणारे गाडी काढतात. जिल द्युरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते जवळपास त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवास वाढतो, असे निघाले. मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पन्नासच्या आसपास उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला गेला. आज पुलावरही कोंडी आहे आणि पुलाखालीही. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पंधरा वर्षेही टिकला नाही. मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी तो २०२० मध्ये पाडला गेला. त्यावर खर्च झालेला पैसा शहराच्या बसला मिळाला असता तर आज कोणीही तो चुकीचा खर्च म्हटला नसता. सोलने याच्या उलट केले. चोंग्येचोन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तिथे ओढा पुन्हा वाहता केला. शहर ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही, कारण २००४ मध्ये सोलने बसचे मार्ग, तिकीट आणि रस्त्यामधल्या बस-मार्गिका यांची संपूर्ण फेरमांडणी केली होती.

वाहने आळीपाळीने बंद ठेवणे हा उपाय ऐकायला न्याय्य वाटतो. मेक्सिको सिटीने नोव्हेंबर १९८९ पासून नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार प्रत्येक गाडी आठवड्यातून एक दिवस बंद ठेवली. अर्थतज्ज्ञ ल्यूकस डेव्हिस यांनी २००८ मध्ये हवेच्या नोंदी तपासल्या आणि त्यांना सुधारणेचा पुरावा सापडला नाही. लोकांनी बंदीच्या दिवसासाठी दुसरी, बहुधा जुनी गाडी घेतली होती. दिल्लीची सम-विषम योजना जानेवारी २०१६ मध्ये पंधरा दिवस चालली. दुचाकी, एकट्या महिला चालक आणि सीएनजीच्या गाड्या यांना सूट होती. रस्ते काहीसे मोकळे झाले, शिस्तही लोकांनी पाळली, पण हवेवरचा परिणाम वादग्रस्तच राहिला. अशा बंदीचा उपयोग प्रदूषणाच्या आणीबाणीत थोड्या दिवसांसाठी आहे. कायमची केली की लोक पळवाट शोधतात.

गाडी घेण्यावरच मर्यादा घालणे ही त्याहून कडक वाट. सिंगापूरमध्ये १९९० पासून गाडी घेण्याआधी लिलावात हक्कपत्र मिळवावे लागते. ते दहा वर्षे चालते आणि त्याची किंमत अनेकदा गाडीइतकी किंवा तिच्याहून जास्त होते. शांघायमध्ये नंबरप्लेटचा लिलाव होतो, बीजिंगने २०११ मध्ये सोडत सुरू केली. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून गाडी ठेवायला जागा आहे याचा दाखला द्यावा लागतो. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये असा दाखला सक्तीचा करण्याची घोषणा परिवहन मंत्र्यांनी केली. गल्लीत, सोसायटीच्या दारात, अग्निशमनाच्या वाटेवर लावलेल्या गाड्या पाहता ही मागणी अवाजवी नाही. पण जपानमध्ये पोलीस जागा प्रत्यक्ष पडताळतात. पडताळणी नसेल तर हा दाखलाही पीयूसीच्या वाटेने जाईल.

रस्त्याच्या वापराला किंमत लावण्याची कल्पना अर्थशास्त्रात जुनी आहे. गर्दीच्या वेळी रस्त्यावर येणारा प्रत्येक चालक इतरांचा वेळ खातो आणि त्याची भरपाई करत नाही, हे सूत्र घेऊन विल्यम विक्री यांनी १९५० च्या दशकापासून गर्दीनुसार बदलत्या आकाराचा आग्रह धरला. त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळाले. तोवर सिंगापूरने ही कल्पना वीस वर्षे वापरून दाखवली होती.

सिंगापूरची सुरुवात २ जून १९७५ रोजी झाली आणि ती अगदी साधी होती. मध्य भागाच्या सीमेवर कमानी उभ्या केल्या. सकाळी साडेसात ते साडेनऊ आत जाणाऱ्या गाडीच्या काचेवर तीन डॉलरचा दिवसाचा कागदी परवाना लावलेला हवा. कमानीपाशी उभे असलेले कर्मचारी गाडी थांबवत नसत, परवाना नसलेल्या गाडीचा नंबर लिहून घेत आणि दंडाची नोटीस घरी जाई. चार जण बसलेल्या मोटारीला परवाना माफ होता. त्या वेळेत आत येणारी वाहने ४० टक्क्यांहून अधिक घटली. लगेच दुसरी गोष्ट दिसली. साडेनऊ वाजायची वाट पाहून लोक आत शिरू लागले आणि नवी कोंडी तयार झाली. मग काही आठवड्यांतच मुदत सव्वादहापर्यंत वाढवली गेली. संध्याकाळच्या परतीवर आकार लावायला १९८९ उजाडले. सप्टेंबर १९९८ पासून कागद गेला आणि गाडीतल्या यंत्रातून आपोआप पैसे कापणारी व्यवस्था आली. तिचा नियम आजही सांगण्यासारखा आहे. शहरातल्या मुख्य रस्त्यांवर वेग ताशी २० ते ३० किलोमीटर आणि द्रुतगती मार्गांवर ४५ ते ६५ किलोमीटर राहील असा दर ठेवायचा. वेग त्याखाली गेला तर दर वाढवायचा, वर गेला तर कमी करायचा. दर ठरवताना राजकीय घासाघीस उरत नाही, रस्त्याचा वेगच तो ठरवतो.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी मध्य भागात पाच पौंडांचा आकार सुरू केला. कॅमेरे नंबरप्लेट वाचत, नाका नव्हताच. त्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या आणि मिळणारा पैसा वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायद्याने बंधन होते. पहिल्या काळात आत येणाऱ्या वाहनांत सुमारे १८ टक्के घट झाली, कोंडी तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली. नंतरच्या वर्षांत कोंडी परतली. त्याची एक मोठी जबाबदारी ॲपवरून बोलावल्या जाणाऱ्या टॅक्सींवर होती. त्यांना २०१९ पर्यंत आकार माफ होता. सवलतींच्या छिद्रांतून योजना कशी गळते याचे हे उत्तम उदाहरण आहे.

स्टॉकहोमने लोकमताचा प्रश्न शहाणपणाने सोडवला. ऑगस्ट २००५ मध्ये आधी सुमारे दोनशे नव्या बस आणि नवे मार्ग दिले. मग ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ अशी आकाराची चाचणी घेतली. सीमा ओलांडणारी वाहने सुमारे २२ टक्क्यांनी घटली. चाचणी संपल्यावर वाहने परत वाढली आणि नागरिकांना दोन्ही स्थिती ओळीने अनुभवता आल्या. सप्टेंबरमध्ये सार्वमत झाले. चाचणीपूर्वी बहुसंख्य विरोधात असलेल्या शहराने बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून आकार कायम झाला. पुढच्या अभ्यासांत लहान मुलांच्या दम्याच्या झटक्यांत घट आढळली. एडिनबरोने फेब्रुवारी २००५ मध्ये काहीही करून न दाखवता मत मागितले, तर चारातल्या जवळपास तिघांनी नकार दिला. २००८ मध्ये मँचेस्टरमध्येही तेच झाले. करून दाखवल्यावर विचारा, हा स्टॉकहोमचा धडा प्रत्येक महापालिकेने घेण्याजोगा आहे.

न्यूयॉर्कला हे जमायला फार वेळ लागला. राज्यपालांनी जून २०२४ मध्ये, सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना योजना स्थगित केली. शेवटी पंधराऐवजी नऊ डॉलरचा आकार ५ जानेवारी २०२५ रोजी मॅनहॅटनच्या दक्षिण भागात लागू झाला. पहिल्या महिन्यांतच आत येणाऱ्या वाहनांत सुमारे दहावा हिस्सा घट झाली आणि उत्पन्न भुयारी रेल्वे व बससाठी राखले गेले. त्याच्या तीनच महिने आधी, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री, मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरचा हलक्या वाहनांचा पंचेचाळीस रुपयांचा टोल विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर रद्द झाला. तो टोल उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता, गर्दीनुसार बदलत नव्हता, आणि नाक्यावरच्या रांगा हीच एक कोंडी होती. नाके काढून कॅमेऱ्याने घेतला जाणारा, सकाळ-संध्याकाळ जास्त आणि दुपारी नगण्य असा आकार त्याच जागी आणता आला असता. उत्पन्न शहराची बससेवा चालवणाऱ्या बेस्टला देता आले असते. तयार पाया हातातून सोडला गेला, हा मुंबईच्या वाहतूक धोरणातला अलीकडचा सर्वांत मोठा तोटा आहे.

किंमत लावण्याचे दुसरे, सोपे रूप म्हणजे पार्किंग. मोटार दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते आणि शहरातली महागडी जागा फुकट अडवते. अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले: इमारतींवर पार्किंगची किमान सक्ती करू नये, रस्त्यावरच्या जागेचे भाडे मागणीनुसार ठेवावे आणि ते उत्पन्न त्याच भागावर खर्च करावे. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये अशी सक्ती रद्द केली. पॅरिसकरांनी फेब्रुवारी २०२४ च्या मतदानात अवजड मोटारींचा पार्किंग दर तिप्पट करायला मान्यता दिली. पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, पण ओरड होताच ते मोजक्या रस्त्यांपुरते आक्रसले आणि तेही अमलात आले नाही.

या सगळ्याचा आधार बस आहे. लंडन आणि स्टॉकहोम या दोघांनीही आकाराआधी किंवा त्याच दिवशी बस दिल्या, हा योगायोग नव्हता. ब्राझीलमधल्या कुरिचिबाने १९७४ मध्ये आणि बोगोटाने डिसेंबर २००० मध्ये रस्त्याच्या मधोमध बसची स्वतंत्र वाट करून मेट्रोच्या खर्चाच्या लहानशा अंशात मोठी वाहतूक उभी केली. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात वाहनांपेक्षा माणसे हलवण्याला प्राधान्य द्यायचे स्पष्ट म्हटले आहे. त्याच वर्षी पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर अशाच स्वतंत्र बसवाटेची, म्हणजे बीआरटीची, देशातली पहिली चाचणी सुरू झाली. मार्गिका सलग नव्हती, मधल्या थांब्यावर सुरक्षित पोचण्याची सोय नव्हती आणि दुचाकी सर्रास आत घुसत. काम अर्धवट ठेवून योजनेलाच अपयशी ठरवले गेले आणि २०२३ मध्ये नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा भागही उखडला गेला. केंद्राच्या निकषानुसार चांगल्या सेवेसाठी एक लाख लोकसंख्येमागे साठ बस हव्यात. पुणे परिसरात हा आकडा निम्म्याच्या आसपासच राहिला आहे. मुंबईत जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे पाच रुपये केले आणि प्रवासी परत आले, पण बेस्टच्या मालकीच्या बस घटत गेल्या आणि मे २०२५ मध्ये भाडे दुप्पट झाले. नुसते भाडे कमी करून मोटारी कमी होत नाहीत हेही खरे आहे. टॅलिनने २०१३ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०२० मध्ये प्रवास मोफत केला, पण मोटारींवर फारसा परिणाम झाला नाही. बस वेळेवर येणे आणि कोंडीतून वाट काढून पुढे जाणे याला प्रवासी भाड्याहून जास्त किंमत देतो.

मेट्रो आवश्यक आहे, पण ती स्थानकापाशी थांबते. पुढचा किलोमीटर चालण्याजोगा पदपथ किंवा जोडबस नसेल तर घरातली दुचाकी घरातच राहत नाही. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाला आणि तिथे बसणारी, चालणारी माणसे वाढली. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून दर ११ डिसेंबरला वाहने बंद ठेवून पादचारी दिन पाळला जातो. बेल्जियममधल्या गेंटने एप्रिल २०१७ मध्ये मध्यवर्ती भाग विभागांत तोडून एका विभागातून दुसऱ्यात मोटारीला थेट जाऊ देणेच बंद केले, आणि सायकली झपाट्याने वाढल्या. त्याला मुख्यतः फलक, कुंड्या आणि कॅमेरे एवढेच लागले. पुण्यातल्या पेठांची रचना अशा योजनेला अनुकूल आहे.

मुंबई आणि पुणे यांच्यासाठी क्रम त्यामुळे स्पष्ट आहे. आधी बस आणि तिच्या अखंड मार्गिका, मग रस्त्यावरच्या पार्किंगचे भाडे, मग स्टॉकहोमसारखी सहा-सात महिन्यांची आकाराची चाचणी आणि त्यानंतर नागरिकांचा कौल. दोन्ही शहरांत मोटार असलेली कुटुंबे अल्पसंख्य आहेत आणि बहुसंख्य लोक पायी, लोकलने, बसने किंवा दुचाकीने जातात. महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात उड्डाणपुलांसाठी किती आणि बससाठी किती तरतूद आहे, हे दोन आकडे प्रत्येक नागरिकाने शेजारी शेजारी ठेवून पाहावेत आणि आपल्या नगरसेवकाला त्यांचा जाब विचारावा.